सतरा अक्षरांसाठी उभी गाडी

वसईजवळ सातिवलीतल्या माझ्या गाळ्यात मागच्या भिंतीला एक लोखंडी रॅक आहे. त्याच्या वरच्या फळीवर ट्रकचे सात ईसीएम ठेवले आहेत. ईसीएम म्हणजे इंजिनाचा सगळा कारभार पाहणारा ॲल्युमिनियमचा चपटा डबा. किती डिझेल, कोणत्या क्षणी, कोणत्या सिलिंडरला, हे सगळं तो ठरवतो. हे सातही डबे ‘गेले’ म्हणून बदलले गेले आणि जुना डबा घरी नेऊन करायचं काय, म्हणून मालक ते माझ्याकडे टाकून गेले. मी सवडीने एकेक टेबलावर घेतला, चोवीस व्होल्टचा सप्लाय दिला, इग्निशनची वायर दिली, स्कॅनर लावला. सातांतले चार स्कॅनरशी बोलले. एवढ्यावरून ते शंभर टक्के चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या चारही मालकांना सांगितलं गेलं होतं की डबा पूर्ण मेलाय, स्कॅनरला उत्तरच देत नाही. डबा उत्तर देत होता. त्याच्यापर्यंत गाडीत वीजच पोचत नव्हती.

मी ट्रकचा वायरमन. आयटीआयला वायरमन ट्रेड केला, १९९६ साली बाहेर पडलो आणि वालीवच्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली लागलो. तेव्हा ट्रकच्या वायरिंगचं काम म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ आणि डायनॅमो. इंजिनाला विजेशी देणंघेणं नव्हतं. सेल्फ एकदा फिरला की पुढे सगळं काम पंपाचं, आणि इंजिन बंद करायलाही वायर लागायची नाही, केबिनमधली केबल ओढली की पंप डिझेल तोडायचा. पंपवाला वेगळा, नोजलवाला वेगळा, आम्ही वेगळे. महामार्गावर चारोटीला गाडी बंद पडली तर तिथल्याच माणसाने हातातल्या पान्यावर ती चालू करून द्यायची, असा तो काळ होता.

एप्रिल २०१७ पासून देशभर प्रदूषणाचं बीएस-४ मानक आलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६. आमच्या धंद्यात ते सरकारी परिपत्रकासारखं नाही आलं, गाडीच्या बॉनेटखालून आलं. कॉमन रेल, हजार-दीड हजार बारच्या वरचा दाब, प्रत्येक इंजेक्टरला वेगळी वायर, सायलेन्सरच्या जागी धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर आणि धुरातलं विष मारणारी युरियाची टाकी, आणि या सगळ्यावर तो डबा. मी याच्या विरोधात नाही. बीएस-४ च्या जड इंजिनाला प्रति किलोवॅट-तास साडेतीन ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ०.४६ ग्रॅमवर आली. सातिवली, गोखिवरे, वालीव, चिंचपाडा या पट्ट्यात दिवसभर किती गाड्या चढउतार करतात ते इथे राहणाऱ्याला विचारा. धूर आमच्याच पोरांच्या छातीत जातो. त्यामुळे डबा नको, जुना पंप बरा होता, असं मी कधीच म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: गाडी ज्याच्या नावावर आहे, तिचा हप्ता जो भरतो, त्याला त्या डब्याबद्दल काहीही कळू दिलं जात नाही आणि तो ज्याच्याकडे गाडी नेतो त्या कारागिरालाही कळू दिलं जात नाही. न कळण्याचा खर्च मात्र पूर्ण मालकाच्या अंगावर येतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. पारनेरकडचे एक मामा आहेत, स्वतःची एकच गाडी, स्वतःच चालवतात. बारा टायरची, २०२१ ची, बीएस-६. सातिवलीच्या एका गोडाऊनमधून प्लास्टिकचा दाणा भरून भिवंडीकडे निघाले. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे या भागातल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारावं लागत नाही. कामणच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि इंजिन बंद. दोन मिनिटांनी सेल्फ मारल्यावर पुन्हा चालू. पुढे दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच. सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही, मीटरवरची इंजिनची लाईट पेटत नाही, स्कॅनर लावला तर इंजिनाकडून उत्तर नाही.

गाडी टोचन लावून एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे सांगितलं, ईसीएम गेला. नवा मागवावा लागेल. नऊ दिवस गाडी उभी. मामांनी मला बिल दाखवलं. डबा आणि त्यात सॉफ्टवेअर भरायची मजुरी धरून त्यांच्या दोन हप्त्यांच्या वर रक्कम गेली होती. माल दुसऱ्या गाडीत पलटी करून द्यावा लागला, तो खर्च वेगळा. नवा डबा बसवल्यावर गाडी सहा दिवस चालली. सातव्या दिवशी त्याच रस्त्यावर तशीच बंद.

तेव्हा ते माझ्याकडे आले. खरं तर आधी त्यांच्या घरून फोन आला. “भाऊ, यांना म्हणावं आता गाडी विकून टाका,” एवढंच बोलून मामींनी फोन ठेवला.

मी डब्याला हात लावला नाही. डब्याच्या कपलरवर मीटर लावलं, मुख्य लाल वायरवर २४.८ व्होल्ट दाखवत होतं. वर्कशॉपमध्येही हेच पाहिलं असणार आणि सप्लाय बरोबर आहे, म्हणजे डबा गेलाय, असा निष्कर्ष काढला असणार. पण मीटर वायरमधून करंट घेतच नाही. दहा तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतं. म्हणून माझ्या खिशात हेडलाइटचा चोवीस व्होल्टचा जुना बल्ब असतो, त्याला दोन वायरी डाखलेल्या. हा बल्ब तीनेक अँपिअर ओढतो. तो मी त्या लाल वायरवर आणि अर्थवर लावला. बल्ब पांढरा पेटायला हवा होता. तो विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला आणि मीटर ९ वर येऊन थांबलं.

मग वायर मागे मागे शोधत गेलो. केबिन उचलली. फ्यूजपासून येणारा लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, जिथे चॅसीवरून इंजिनाकडे वळतो, तिथे एका पट्टीच्या कडेला त्याची काळी नळी घासून फाटली होती. वरून दिसत नाही, बोट फिरवलं की कळतं. टेप सोडली. आतल्या लाल वायरीचं प्लास्टिक सोललेलं, तांब्यावर हिरवी पावडर जमलेली, आणि बोटाने जरा वाकवल्यावर तारा खडूसारख्या तुटत होत्या. खाडीची हवा, रस्त्यावर गुडघाभर साचणारं पाणी आणि खड्ड्यांचे दणके, तिघांनी मिळून केलेलं काम. २०१८ च्या जुलैत वसई-विरार चार-पाच दिवस पाण्यात होतं, तेव्हापासून तर वायरीतला हा हिरवा रोग मी रोज पाहतो. नवा डबा बसवताना कपलर काढ-घाल करताना लूम हलला असणार, उरलेल्या एक-दोन तारा नीट टेकल्या असणार आणि म्हणून गाडी सहा दिवस चालली.

दीड हात नवी वायर, दोन जोड, वर आकसणारी नळी, नवा लूमपाइप, पट्टीच्या कडेला रबर आणि लूम बांधायला दोन क्लिपा. चहा धरून अडीच तास. मजुरी मी अठराशे रुपये घेतली. मामांनी जुना डबा पोत्यात गुंडाळून केबिनमध्ये सीटखाली ठेवला होता. तो टेबलावर लावला, लगेच बोलला. माझ्या फळीवरचा तो चौथा. नवा डबा परत करायचा म्हटलं तर इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत नाही, हा सगळीकडचा नियम.

त्या वर्कशॉपमधल्या पोरांना मी चोर म्हणत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर ‘इंजिन कंट्रोलरशी संपर्क नाही’ असं आलं की पुढे पडद्यावरच ज्या पायऱ्या येतात, त्या ते करतात. पायऱ्या संपल्या की शेवटी ‘मॉड्यूल बदला’ येतं. त्यांना तासाला गाड्या मोजून द्याव्या लागतात, वायर शोधायला दिलेला वेळ कुणी बिलात धरत नाही, डबा विकला की तो धरला जातो. व्यवस्थाच अशी लावली आहे की वायर शोधणारा तोट्यात आणि डबा बदलणारा फायद्यात.

आणि आम्ही, बाहेरचे? आमच्याकडे वेळ आहे, हात आहे, नकाशा नाही. बीएस-६ गाडीचं वायरिंग डायग्राम माझ्याकडे आहे ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेलं. कुणीतरी कुठल्यातरी पुस्तकाचा फोटो काढला, त्याची झेरॉक्स झाली, तिचा पुन्हा फोटो. त्यावर पिनचा नंबर ३ आहे की ८ हे कळत नाही. सिग्नलच्या पिनवर चोवीस व्होल्ट गेले तर चांगला डबा माझ्या हातून मरेल. पाच व्होल्टवर चालणारे सेन्सर आहेत, त्यांच्या लाईनीत एक वायर चॅसीला टेकली की त्याच लाईनवरचे आणखी दोन-तीन सेन्सर खोटं सांगायला लागतात आणि स्कॅनरवर डझनभर कोड येतात. कुठला सेन्सर कुणाशी जोडलाय हे डायग्राम असेल तर दहा मिनिटांत कळतं, नसेल तर दिवस जातो. साधी गोष्ट घ्या: गाडीतले सगळे कंट्रोलर ज्या दोन पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बॅटरी काढून मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. एवढी ओळ ज्याला माहीत आहे तो अर्धा बिघाड पकडतो. ही ओळ मला माझ्या मुलाने शोधून दिली, कोणत्याही पुस्तकाने किंवा कंपनीच्या माणसाने नाही.

आता असंही होतं की डबा खरोखरच मरतो. माझ्या फळीवरचे उरलेले तीन खरे मेलेले आहेत. त्यातला एक वेल्डिंगने मेला. नालासोपाऱ्याच्या एक ताई आहेत, यजमान गेल्यावर तीन गाड्यांचा धंदा त्यांनीच सांभाळला. त्यांच्या गाडीवर मागे लोखंडी पट्ट्या जोडायला दिल्या होत्या. वेल्डरने बॅटरी काढली नाही, अर्थचा क्लॅम्प लांब केबिनजवळ लावला आणि मागे काडी टेकवली. वेल्डिंगचा करंट घरी जायला जो रस्ता सापडेल तो धरतो, त्या दिवशी त्याने डब्यातून धरला. आमच्या पट्ट्यात बॉडीचं काम करणारे गाळे ओळीने आहेत, म्हणून मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो: काडी लावायच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, डब्याचे कपलर काढा, क्लॅम्प जिथे वेल्डिंग तिथे शेजारीच लावा.

ताईंना नवा डबा परवडत नव्हता. त्यांनी ओळखीने दिल्लीच्या मायापुरीहून अपघातातल्या गाडीचा, त्याच पार्ट नंबरचा डबा मागवला. बसवला, चालेना. कारण डब्यात जुन्या गाडीचा चॅसी नंबर भरलेला, चावीची कुलूपजोडी त्या गाडीची. अधिकृत ठिकाणी विचारलं, जुन्या डब्यावर काम होत नाही, असं उत्तर मिळालं. मग कुणीतरी लॅपटॉपवाला गाठून दिला. त्याने रात्री येऊन, गाडीचं दार लावून, चोरीच्या सॉफ्टवेअरने डबा उघडला आणि गाडी चालू करून दिली. आठ दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या, गाडी ठोकत होती आणि डिझेल जास्त खात होती. पाहिलं तर इंजेक्टरचे कोड जुन्याच गाडीचे. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो. तो इंजेक्टर कारखान्यात तपासताना किती फेकतो याची ती नोंद. कोड डब्यात भरला की डबा त्या त्या इंजेक्टरला थोडं जास्त, थोडं कमी सांगून सगळे सिलिंडर सारखे चालवतो. आम्ही डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने एकेक डोकं पुसलं, मोबाईलच्या टॉर्चने कोड वाचले, ओ आहे की शून्य यावर भांडलो आणि सहाही लिहून काढले. लिहून काढले, पण भरणार कशाने? त्याच लॅपटॉपवाल्याला पुन्हा बोलवावं लागलं.

सरळ रस्ता बंद केला की माणूस घरी बसत नाही, आडवाटेने जातो. आडवाटेला जो भेटतो तो आज इंजेक्टरचे कोड भरतो आणि उद्या ‘साहेब, युरियाही बंद करून देऊ का’ म्हणून विचारतो. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत. युरियाची टाकी कोरडी, एक छोटी डबी वायरीत लपवलेली, ती ईसीएमला खोटं सांगते की सगळं व्यवस्थित आहे. मागून विष बाहेर पडतंय. आमच्याच धंद्यातले लोक हे करतात आणि त्याची मला लाज वाटते. माझ्या गाळ्यात अशी डबी बसवून मिळत नाही. बसवलेली काढून द्यायला मात्र मी कधीही तयार आहे.

कंपन्यांच्या बाजूचा मुद्दा इथेच येतो आणि तो खोटा नाही. डबा सगळ्यांना उघडा केला तर प्रदूषणाशी खेळ होईल, ताकद वाढवून इंजिनं फोडतील, चोरीच्या गाड्या नव्या चावीने चालतील. मान्य. पण कुलूप एक नाही, दोन आहेत, आणि ती मुद्दाम एकत्र ठेवली जातात. इंजिनाला किती डिझेल, युरिया कधी, धूर किती, हे ठरवणारा नकाशा हे एक कुलूप. त्याला मी हात लावायला मागत नाही, कोणालाही लावू देऊ नका. दुसरं कुलूप म्हणजे त्याच गाडीत, त्याच पार्ट नंबरचा, तोच नकाशा असलेला डबा बसवून त्याला गाडीची ओळख करून देणं: चॅसी नंबर, चावी, इंजेक्टरचे कोड, डीपीएफमध्ये किती राख साठली आहे तो आकडा. यात प्रदूषण वाढत नाही. उलट हे नीट केलं नाही तर वाढतं. राखेचा आकडा जुन्या डब्यातून नव्यात नेला नाही तर नवा डबा समजतो की फिल्टर कोरा आहे, आणि फिल्टर चोंदेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही.

डबा बदलणं हे हाताने काही अवघड काम नाही. इग्निशन बंद केल्यावर एक-दोन मिनिटं थांबायचं, कारण युरियाचा पंप लाईनमध्ये उरलेलं युरिया त्या वेळात टाकीत परत ओढतो, मध्येच बॅटरी तोडली तर ते लाईनमध्ये सुकून दगड होतं. मग बॅटरी कटऑफ, कपलरचा आडवा लिव्हर उचलायचा, पिना भिंगातून पाहायच्या, वाकलेली नाही ना, हिरवी नाही ना. चार बोल्ट, खालचे रबर बुश तपासायचे, नवा डबा ठेवायचा, बोल्ट ताकदीने नाही, मापाने आवळायचे. अर्धा तास. उरलेलं सगळं त्या दुसऱ्या कुलपात आहे.

ही तक्रार फक्त माझी असती तर मी वर्तमानपत्रात जागा मागितली नसती. शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली होती की कार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल दिला. चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड आणि सुटे भाग व निदानाची साधनं खुल्या बाजारात उपलब्ध करा, असा आदेश. त्याच महिन्याच्या एक तारखेला आमचा पालघर जिल्हा झाला होता, म्हणून ती तारीख माझ्या डोक्यात बसली आहे. कंपन्या अपिलात गेल्या आणि लढाई वर्षानुवर्षं वरच्या न्यायालयांत चालत राहिली. जिल्ह्याला तेव्हापासून नवं मुख्यालय मिळालं, आम्हा गॅरेजवाल्यांना वायरिंगचं पुस्तक मिळालं नाही. शिवाय ते सगळं कारचं. ट्रकचं नावही त्यात नव्हतं, आणि ट्रक एक दिवस उभा राहिला तर एका कुटुंबाचं ताट उभं राहतं.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग त्यात घेतले. मुलाने मला ते पोर्टल उघडून दाखवलं. पाऊल चांगलं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण कंपनीने काय टाकावं हे तिच्या मर्जीवर आहे आणि कस्टमर केअरचा नंबर वाचून लूममधली तुटकी तार सापडत नाही. दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

परदेशात हे झालेलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदानाने वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत जड गाड्यांच्या कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजना निदानाची माहिती देण्याचा करार केला. युरोपात २०१८ च्या नियमाप्रमाणे कंपनीला दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरालाही वाजवी दरात द्यावी लागते, त्यात ट्रकही येतात. चावी आणि चोरीप्रतिबंधाशी संबंधित माहिती हवी असेल तर त्या कारागिराची आधी पडताळणी करतात. फुकट मागा असं मीही म्हणत नाही. वर्षाला परवडेल अशी फी लावा, मी पावती घेऊन भरीन. पोलीस पडताळणी करा, माझे ठसे घ्या, माझ्या गाळ्याची नोंदणी करा.

आणि चोरीची भीती असेल तर उपाय आपल्या घरातच आहे. प्रत्येक गाडीचा चॅसी नंबर आणि मालकाचा मोबाईल सरकारी ‘वाहन’ पोर्टलच्या नोंदीत आहे. गाडीचं कुठलंही काम ऑनलाइन करायचं झालं तर मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. डब्याला गाडीची ओळख करून द्यायची तर तसाच ओटीपी मालकाकडे जाऊ द्या. मालकाने सांगितला तरच कुलूप उघडेल, कोणी उघडलं, कुठे उघडलं, याची नोंद राहील. चोराकडे गाडी असते, मालकाचा फोन नसतो. हे मी काही संगणक शिकून सांगत नाही, रोज ज्या लोकांच्या गाड्या हाताळतो त्यांच्याकडे पाहून सांगतो आहे. परिवहन खात्याने आणि ग्राहक व्यवहार विभागाने एकत्र बसून हे ठरवावं, ही माझी मागणी आहे.

तोवर एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते, तिला कायदा लागत नाही. कुठल्याही वर्कशॉपने ‘ईसीएम गेला’ असं सांगितलं तर मालकाला ते लिहून मिळालं पाहिजे, आणि मराठीत. मुख्य वायरवर लोड टाकून किती व्होल्ट आले, अर्थवर किती पडले, कॅन लाईन किती ओहम, स्कॅनरवर कोणते कोड होते. चार आकडे. ज्याने तपासलंय त्याला लिहायला तीन मिनिटं लागतील. जुना डबा मालकाला परत दिला पाहिजे आणि त्यावर गाडीचा नंबर लिहिलेला पाहिजे. मालकांनीही एवढं विचारायला शिकावं: दादा, लोड टाकून पाहिलंत का? या एका प्रश्नाने पारनेरच्या मामांचे दोन हप्ते वाचले असते. आयटीआयमध्ये आज ऑटो इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या पोरांना मीटरच्या आधी बल्ब हातात द्यावा, हेही मी माझ्या ओळखीच्या एका निदेशकांना सांगून आलो. त्यांनी मला पोरांसमोर येऊन दाखवा म्हटलंय, जाणार आहे.

हे लिहितोय तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले आहेत. तुंगारेश्वरच्या डोंगरावर पाऊस धरलाय आणि गाळ्याबाहेर नाशिक पासिंगची एक गाडी सोमवारपासून उभी आहे. आज गुरुवार. हिचा डबा खराच गेला होता, कपलरमधून पाणी आत शिरलेलं, उघडल्यावर आतल्या पट्टीवर पांढरा थर दिसला. पाणी कुठून आलं ते शोधून बंद केलं, कपलर बदलला, सप्लाय बल्बवर तपासला. मालकाने नवाच डबा घेतला, पावतीसकट, आणि तो मी मंगळवारी दुपारी बसवला. तेव्हापासून आम्ही लॅपटॉप घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहतोय. त्याच्याकडे चार जिल्ह्यांच्या गाड्या आहेत, तो तरी कुठे कुठे पोचणार. त्याने येऊन डब्यात गाडीचा चॅसी नंबर भरायचा आहे, सतरा अक्षरं.

ड्रायव्हर जालन्याचा आहे, पंचविशीतला. स्टोव्हवर भात लावून बसलाय. काल त्याने चॅसीवर कोरलेला नंबर तारेच्या ब्रशने घासून काढला, बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर पेनाने मोठ्या अक्षरांत उतरवला आणि आरसीवरच्या नंबरशी दोनदा ताडून पाहिला. तो माणूस आला की वेळ जायला नको म्हणून पुठ्ठा काचेला टेकवून ठेवलाय, अक्षरं बाहेरून वाचता येतील अशी.